अंगात रक्त नाही, म्हणजे नेमकं काय?

थकवा आपल्या बायकांच्या पाचवीलाच पुजलेला, असं आपण धरूनच चालतो. सकाळी उठतानाच पाय भरून आलेले, जिना चढताना धाप, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी, आणि कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर, "काही नाही हो, बायकांचं असंच असतं!"

माझ्या धाकट्या जाऊचं दोन वर्षं असंच चाललं होतं. सासूबाई म्हणत, हल्लीच्या मुलींना कामाची सवयच नाही. भावजी टॉनिकच्या बाटल्या आणत. तिची आणखी एक खोड सासूबाईंना फार खटकायची. तांदूळ निवडता निवडता ती कच्चे तांदूळ मूठमूठ चघळत बसायची.

शेवटी एकदा ती ओट्यापाशीच चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "कच्चे तांदूळ, माती, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो! शरीरातलं लोह कमी झालं की अशी ओढ लागू शकते म्हणे. म्हणजे जिच्यासाठी ती बोलणी खात होती, ती खोड नव्हतीच, आजाराची खूण होती.

हिमोग्लोबिन निघालं 7.2. गरोदर नसलेल्या बाईच्या 100 मिलिलिटर रक्तात ते निदान 12 ग्रॅम हवं. 8 च्या खाली गेलं की रक्तक्षय तीव्र समजतात. फुप्फुसांतला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम हिमोग्लोबिनचं, आणि ते तयार व्हायला लोह लागतं. हमालच कमी पडले तर माल पोचणार कसा? मग हृदयाला जास्त धावावं लागतं. जिन्यात छाती धडधडते ती म्हणूनच.

"पाळी किती दिवस असते?" हे विचारल्यावर जाऊ म्हणाली, "नेहमीसारखीच." खोदून विचारलं तेव्हा कळलं, आठ-नऊ दिवस, आणि गाठी पडतात. तिच्या आईचंही तसंच होतं, त्यामुळे हे जास्त आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, आणि त्याबरोबर 15 ते 20 मिलिग्रॅम लोह. 80 मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त. आता मोजून कोण बघतं म्हणा! पण सात दिवसांहून जास्त चालणं, तासा-दोन तासांत पॅड भिजणं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, यातलं काहीही असलं तर डॉक्टरांना सांगावं. जाऊच्या सोनोग्राफीत फायब्रॉइडच्या गाठी दिसल्या. साध्याच होत्या, कर्करोगाच्या नव्हेत. पण हंडा गळका असताना नुसतं पाणी ओतून काय उपयोग? टॉनिकांचं तेच झालं होतं.

खाण्याचं म्हणाल तर पालकावर आपली फार भिस्त. पालकात लोह आहे खरं, पण अंगी लागतं अगदी थोडं. त्यावर लिंबू पिळलं, जेवणात आवळा किंवा पेरू असला, तर क जीवनसत्त्वामुळे जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा मात्र नेमकं उलट करतो. बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह हवं आणि पुरुषाला 19, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 2020 साली सांगितलं. आणि आपण जेवायला बसतो सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं घेऊन!

सगळा रक्तक्षय लोहाचाच नसतो. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या आणि त्यांनी गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यातला एक प्रकार यीस्टच्या अर्कानं सुधारतो, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कात जे होतं ते म्हणजे फॉलिक आम्ल. पुढे 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं, आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला नाव मिळालं. (पालकाला तेवढं श्रेय द्यायलाच हवं!) आज लोहाच्या सरकारी गोळीत फॉलिक आम्लही असतं. शाळेत मुलींना आठवड्याला मिळते ती निळी गोळी तीच. माझ्या वर्गातल्या मुली ती नाक मुरडत घेतात, आणि त्यांच्या आया तेवढीही घेत नाहीत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. हळदीकुंकवाला जमलेल्या दहाजणींत पाच-सहाजणी!

जाऊला गोळ्या चालू झाल्या, पाळीवरही उपचार झाले. गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला ती घाबरली; पण ते व्हायचंच. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन 11.6 वर आलं. तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, अंगातला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे.

तांदूळ आता डब्यातच राहतात. सासूबाईंनी जेवणावरचा चहा काही सोडलेला नाही, पण परवा हळूच म्हणाल्या, "माझंही रक्त एकदा बघून घ्यायचं का गं?" सोमवारी त्यांना घेऊन जाते आहे.