पाण्याच्या सभेत जात कोणी आणली?

गेल्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एका गावात पाणी वापर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण होते. आम्ही तिघे कार्यकर्ते साताऱ्याहून एसटीने गेलो. आमंत्रण नव्हते, पण कुणी अडवलेही नाही. शिकवणारे अभियंते अभ्यासू होते. आवर्तन म्हणजे काय, शेजपाळी कशी लावायची, वितरिकेच्या तोंडाशी पाणी मोजून घेतले तर शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत ते कसे पोचते, हे त्यांनी फळ्यावर छान समजावले. आम्ही वहीत उतरवून घेतले.

प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा आम्ही विचारले, "साहेब, या कालव्याच्या कडेला आमच्या लोकांची वस्ती आहे. जमीन कुणाच्याच नावावर नाही. दोन-चार शेळ्या, एखादी म्हैस आहे. कालव्याला पाणी येते, वस्तीसमोरून जाते आणि वरच्या उसाला मिळते. त्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती?"

साहेब रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुमचा प्रश्न चांगला आहे, पण तो सामाजिक आहे. इथं तांत्रिक विषय चाललाय. विषय सोडून नको जायला. समाजकल्याणला विचारा."

आम्ही खाली बसलो. त्यानंतर एका चेअरमनसाहेबांनी उसाच्या दराचा विषय काढला. कारखान्याने मागचा हप्ता कसा थकवला, यंदा टोळ्या कशा वेळेवर आल्या नाहीत, यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. शेजपाळीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण कुणी म्हटले नाही, की विषय सोडून नका जाऊ. उलट चहा मागवला गेला.

परतीच्या एसटीत आम्ही यावरच बोलत होतो. विषय कोणता आणि विषयांतर कोणते, हे ठरवतो कोण?

समाजकल्याणला जायला आमची ना नव्हती, यापूर्वी गेलोही होतो. तिथले उत्तर असते, की पाण्याचा विषय आमच्याकडे येत नाही, पाटबंधारेला भेटा. एका टेबलावर आपला प्रश्न सामाजिक असतो, दुसऱ्या टेबलावर तोच तांत्रिक होतो. दोन्ही टेबलांवरून हाकलला गेलेला प्रश्न शेवटी पुन्हा वस्तीतच येऊन बसतो.

आता कायद्याकडे बघू, म्हणजे हा एका साहेबाच्या स्वभावाचा प्रश्न नाही हे कळेल. २००५ साली महाराष्ट्रात पाण्याविषयी दोन महत्त्वाचे कायदे झाले. पहिला, सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. त्यानुसार पाणी वापर संस्थेचा सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा भोगवटादार. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही तो सभासद नाही. सभासद नाही म्हणून सभेत बसायचा हक्क नाही आणि सभेत नाही म्हणून त्याचा प्रश्न विषयपत्रिकेवर येत नाही. विषयांतराचा शिक्का नंतर बसतो, दार त्याच्या आधीच बंद झालेले असते.

दुसरा कायदा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. त्यात समन्यायी वाटप हा शब्द आहे, पण वाटप कुणामध्ये? लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकामध्ये. आणि याच कायद्यात आणखी एक कलम घातले गेले. कायदा लागू झाल्यानंतर ज्याला दोनपेक्षा जास्त अपत्ये होतील, त्याने शेतीच्या पाण्याचा हक्क मिळवायचा तर नेहमीच्या दीडपट पाणीपट्टी भरायची. वाचक हो, जरा थांबून विचार करा. शेतकऱ्याच्या घरात पोरे किती, हा पाण्याच्या कायद्यात बसणारा विषय ठरला. कालव्याला ती मोजता येत नाहीत, तरी ठरला. आणि शेजारच्या घराला जमीन का नाही, हे विचारले की ते विषयांतर! तेव्हा पाण्याचा कायदा शुद्ध तांत्रिक असतो ही थाप आता कुणी मारू नये. त्यात समाज आहेच. फक्त कोणता समाज आत घ्यायचा हे आधी ठरलेले आहे.

जमीन का नाही, याचे उत्तरही आकाशातून पडलेले नाही. महार वतनाच्या जमिनीच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावाची आणि सरकारची राबणूक करून घेतली गेली. ही गुलामी मोडायला बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. एवढा इतिहास ज्या सातबाऱ्यामागे आहे, त्या सातबाऱ्यावर पाणी वाटले जाते आणि आम्हाला सांगितले जाते की इतिहास हा विषय नाही.

ही युक्ती जुनीच आहे. १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजींनी सामाजिक सुधारणा हा काँग्रेसच्या कक्षेबाहेरचा विषय ठरवला. १८९५ मध्ये पुण्यात तर सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू देऊ नये म्हणून मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गोष्ट गेली. पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मसुदा वाचला आणि कळवले, की धर्मग्रंथांवरचा आणि धर्म सोडण्याविषयीचा भाग इथे गैरलागू आहे, तो वगळा. जात तोडायला निघालेल्या मंडळालाही जातीचे मूळ विषयाबाहेरचे वाटले! बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या पैशाने छापले. आज मंडळाचे नाव लोकांना माहीत आहे ते त्या न झालेल्या भाषणामुळे.

आमच्याच भागातले एक उदाहरण मात्र आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. १९०१ सालचे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. तिथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदायला घेतला होता. सुट्टीत नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून रेल्वेने निघाला आणि मसूरला उतरला. निरोप पोचला नव्हता, न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने आधी आस्थेने चौकशी केली, मग जात विचारली आणि त्याचा चेहराच बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर बैलगाडी मिळाली. सोबत खायला भरपूर होते, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून ती पोरे रात्री उपाशी झोपली.

नीट बघा. पोरे निघाली होती तलावाच्या कामावर. बाप त्याच तलावाच्या मजुरीचा हिशेब ठेवणारा. तलावात पाणी किती मावेल, भराव किती उंच, खर्च किती, हे सगळे कुठल्या तरी कागदावर बिनचूक लिहिलेले असणार. पण त्या तलावाच्या वाटेवर एका पोराला घोटभर पाणी का मिळत नाही, हा प्रश्न त्या कागदावर असणे शक्यच नव्हते. तो 'सामाजिक' होता.

आणि त्या प्रवासात जातीचा विषय काढला कोणी? भीमरावाने नाही. त्याला गाडी हवी होती, पाणी हवे होते. त्याचा विषय अगदी सरळ होता. जात विचारली ती स्टेशनमास्तरने. विषयांतर त्याने केले.

आम्हाला जे ऐकवले जाते, की तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता, त्याला आमचे उत्तर हेच. पाण्यात जात आम्ही आणली नाही. ती आधीपासून होती. आम्ही फक्त तिचे नाव घेतले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. सभेला विषय लागतोच. आमच्या चळवळीतही असे वक्ते आहेत, की गटाराच्या प्रश्नावर बोलावले तरी सिंधू संस्कृतीपासून सुरुवात करतात. तोवर बाया उठून स्वयंपाकाला निघून जातात. अभियंत्याला वितरिका शिकवायची असेल तर तेवढा वेळ त्याला दिला पाहिजे.

खुद्द तथागतांनीही काही प्रश्न बाजूला ठेवले होते. मज्झिम निकायातल्या मालुंक्यपुत्ताची कथा आपल्याला विहारात सांगितली जाते. जग शाश्वत की अशाश्वत, याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, असा त्याचा हट्ट होता. तथागतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, धनुष्य कसले, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस मरून जाईल.

कुणी म्हणेल, बघा, इथे बुद्धच सांगतात की जात विचारू नका. अगदी बरोबर. उपचाराआधी जात विचारू नका, पाणी देण्याआधी जात विचारू नका, हेच तर आमचे म्हणणे आहे. तथागतांनी विषयाबाहेर ठेवले ते दुःख दूर करायला उपयोगी नसलेले प्रश्न. बाण त्यांनी विषयाबाहेर ठेवला नाही. इथे मात्र बाण हाच सामाजिक विषय आहे म्हणून तो दुसऱ्या खात्याकडे पाठवला जातो. ज्या प्रश्नाच्या उत्तराने कुणाचे तरी दुःख कमी होते आणि सभेचा निर्णय बदलतो, तो प्रश्न विषयातलाच. आमची कसोटी ही एवढीच आहे.

ही कसोटी लावून काम करता येते, हेही आमच्याच मातीत सिद्ध झाले आहे. कटगुण हे महात्मा फुल्यांचे मूळ गाव, सातारा जिल्ह्यातले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये तलाव-बंधारे, जमिनीची धूप, अडाणीपण आणि भटशाही हे सारे एकाच पुस्तकात आहे. त्यांना त्यात काही विषयांतर वाटले नाही. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले. दुष्काळ आणि १९८२ चा गिरणी संप यामुळे गावी परतलेले कामगार त्या चळवळीत होते. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेतो आणि नदी कोरडी पडते, इथून प्रश्न सुरू झाला. थोडी वाळू गावाने विकून धरणाला पैसा उभा केला. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते सोबत होते आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला गेला. भूमिहीनाचा वाटा धरला म्हणून धरण कोसळले नाही. पुढे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ उभी राहिली. तिने टेंभूसारख्या उपसा योजनांचे पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही मिळावे ही मागणी लावून धरली. बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना सिंचन आणि वीज त्यांच्याच खात्याकडे होती, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. तेव्हा हा तांत्रिक विषय तुमचा नाही, हे आम्हाला कुणी सांगू नये.

इथे लेख संपवता आला असता. पण एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू.

त्या प्रशिक्षणानंतर महिन्याभराने सातारा जिल्ह्यातल्या एका वस्तीत आम्हीच सभा घेतली. विषय होता समन्यायी पाणी वाटप. आम्ही तयारीने गेलो होतो, कायद्याची कलमे पाठ होती. मध्येच एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "ते कालव्याचं ऱ्हाऊ द्या. नळाला पाणी दहाला येतं. आम्ही आठला खुरपाय जातो. पोरगी शाळा बुडवून पाणी भरती. त्याचं काय?"

आम्ही म्हणालो, "मावशी, तो विषय नंतर घेऊ. आज कालव्याचा विषय आहे."

मावशी बसता बसता म्हणाल्या, "आमचा इषय कधीच आधी येत न्हाय बगा."

काही बायका हसल्या. आम्हाला मात्र ते साहेब आठवले. आवाजही तोच, शांत आणि समजूतदार.

जलजीवन मिशनच्या कागदावर त्या वस्तीत घरोघरी नळ आहेत, माणशी ५५ लिटरचा हिशेब आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या तरी बायका हव्यात असा नियमही आहे. पण वॉल किती वाजता उघडायचा, हे ठरवताना कुणा बाईला विचारलेले नाही. आणि समन्यायी वाटपावर भाषण देणाऱ्या आम्हालाही तो समतेचा प्रश्न वाटला नाही. किरकोळ वाटला. त्या मुलीचे बुडालेले तास आमच्या कलमांत बसत नव्हते.

पुढच्या सभेची सुरुवात आम्ही नळाच्या वेळेपासून केली. बायकांसोबत ग्रामपंचायतीत गेलो. पाणी सकाळी सहाला येऊ लागले. दीड महिना बरे चालले. मग पुन्हा दहावर गेले, कारण वरच्या आळीला पहाटे पाणी हवे होते. आता पुन्हा अर्ज दिला आहे. या वेळी अर्जावर पहिली सही त्या मावशींची आहे.

तेव्हापासून आमच्या सभेत एक नियम केला आहे. कुणालाही विषयांतर म्हणून बसवायचे असेल, तर त्याचा प्रश्न कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला घेणार ते तिथेच वहीत लिहायचे. तारीख देता येत नसेल तर प्रश्न आत्ताच घ्यायचा. सभा लांबतात, हे खरे आहे. पण मावशी आता पुढच्या रांगेत बसतात.

सांगलीच्या त्या साहेबांनाही आम्ही पत्र लिहिले आहे. भूमिहीनांचा प्रश्न कोणत्या प्रशिक्षणात आणि कोणत्या तारखेला घेणार, एवढेच विचारले आहे. उत्तर आलेले नाही. पुढचे आवर्तन सुटायच्या आत आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन.

जय भीम.