वरचं ओलं, खालचं ओलं

पॉवर स्टिअरिंगचं तेल जिथे टपकतं तिथे ते गळत असेलच असं नाही. आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजांत हे कुणाला शिकवावं लागत नाही, तरीही गाडीखालून बाहेर आलेला माणूस पहिला आळ स्टिअरिंगच्या रॅकवरच घेतो. रॅक सगळ्यांत खाली, त्यामुळे वरच्या साऱ्यांची पापं त्याच्या अंगावर उतरतात. टाकीच्या पाइपाची क्लिप सैल झाली तरी लाल ओघळ तिथेच येतो. पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की पुली तेल चौफेर उडवते, आणि गाडी पळाली की वारा ते आणखी मागे नेतो.

हे सगळं धुऊन-पुसून सापडतं. मला आजही छळते ती एकच जागा: रॅकवर पिनियन जिथे शिरतो ती. पिनियनचं वरचं सील आणि प्रेशर पाइपाचा जोड तिथे अगदी शेजारी असतात. दोन्हींचं तेल एकाच वाटेने उतरतं. जोड गळत असेल तर वॉशर किंवा ओरिंग बदलून भागतं. सील गळत असेल तर रॅक उतरवावाच लागतो. गिऱ्हाइकाच्या खिशाचा सगळा फैसला त्या दोन बोटांच्या जागेत होतो, आणि तिथे नजर पोचत नाही.

मी तिथे बोटाने बघत आलो. आधी जागा धुवायची, इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांना क्षणभर दाबून धरायचं, म्हणजे दाब पुरता चढतो. मग इंजिन बंद. चालू इंजिनावर तिथे बोट कधीच घालू नये. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. बंद गाडीत बोट जोडाच्या वरून फिरवायचं. जोडाच्या वर ओलं लागलं तर सील, वर कोरडं आणि खाली ओलं तर जोड.

साखरेने आता माझ्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. ओलं आणि गार यांतला फरक कळत नाही. हल्ली बोट घालतो तो माझ्याकडचा आयटीआयचा पोरगा. तो तेलात रंग मिसळतो, गाडी फिरवून आणतो आणि निळ्या बॅटरीच्या उजेडात चकाकणारी रेघ शोधतो. त्याचं निदान बरोबर निघतं. तरी तो “वरून ओलं आहे, उस्ताद” म्हणाला की माझा हात आपोआप तिकडे जातो. मालक समोर उभा असताना बोट बाहेर काढून निकाल द्यायला मला फार आवडायचं. ती माझी मिरवणूक होती. ती गेल्याचं दुःख बोटांच्या दुखण्याहून मोठं आहे.

गळती थांबवणारी बाटली ओतणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत वयाने मवाळ झालेलं नाही. त्या औषधाने रबर फुगतं, गळती काही काळ दबते आणि पुढे सील आणखी लवकर जातं. न बघता अख्खा रॅक बदलायला सांगणारे त्याहून वाईट. गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या गाडीच्या रॅकचा रबरी बूट फाटला की आत पाणी शिरतं, दांडा गंजतो आणि त्यावर बसवलेलं नवं सीलही कापलं जातं. असा दांडा असेल तर रॅक जरूर बदला. पण बूट काढून तो आधी बघा तरी.

क्रायस्लरने 1951 मध्ये हे तेलावरचं स्टिअरिंग बाजारात आणलं. आता लहान गाड्यांत विजेची मोटर आली. तिथे तेलच नाही. पण जुन्या स्कॉर्पिओ, इनोव्हा आणि ट्रक अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांची गळती शोधणारे हात कमी होत चालले आहेत.

गाडीवाल्यांना एवढंच सांगणं: टाकीत पुन्हा पुन्हा तेल भरावं लागत असेल तर ते गरम सायलेन्सरवर पडून पेट घेऊ शकतं, थांबू नका. मिस्त्रीला म्हणा, गळतंय कुठून ते दाखवा. दाखवता आलं नाही, तर त्याला रॅकला हात लावू देऊ नका.