मुरणे आणि भाऊबंदकी

'फ्रातेल्ली' या इटालियन शब्दाचा अर्थ 'भाऊ', तोही अनेकवचनी. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, अकलूजनजीक तयार होणाऱ्या वाइनला हे नाव आहे, हे कळले तेव्हा आम्हां मराठी शिकवणाऱ्यांच्या मनात जो शब्द उमटला तो मात्र 'भाऊबंदकी' होता. आमच्या भाषेने भावांवरून भाववाचक नाम घडवले ते कलहाचे. खाडिलकरांना नाटकासाठी तेच शीर्षक सुचावे यात नवल नाही.

या वाइनमागील भाऊ तीन घरांतले आहेत. इटलीतील अलेस्सिओ आणि आंद्रेया सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील. 2006-07 च्या सुमारास हे सहा जण एकत्र आले. सातवे पिएरो मासी, तोस्कानातले मुरब्बी वाइनकार. त्यांच्या सर्वांत मानाच्या लाल वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. 2009 च्या सुगीपासून ती होऊ लागली. सांजोवेजे हे तोस्कानाचे घरचे द्राक्ष आणि काबेर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच, या दोहोंचा रस आंबवून ती वर्षाहून अधिक काळ फ्रेंच ओकच्या पिंपांत ठेवतात.

अकलूज आम्हांला ठाऊक होते ते उसाचे, सहकारी कारखान्याचे, लावणी स्पर्धेचे आणि तुकोबांच्या पालखीच्या रिंगणाचे. उसाच्या मुलखात एकरी टनांवर शेतकऱ्याची पत ठरते. वाइनच्या द्राक्षांचा न्याय उलटा आहे. वेलीवरचे काही घड हिरवे असतानाच कापून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांत रस दाटतो. शिवाय तोस्कानातील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, आमच्याकडची झोपतच नाही. तिला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, अशी दोनदा कात्री लावून वळण द्यावे लागते. ('गोडी छाटणी' हा शब्द ज्या बागायतदाराने घडवला, त्याला कोशकारांनी नमस्कार करावा.)

मराठी साहित्यात पेला आला तो सुधाकराच्या हातात. गडकऱ्यांच्या त्या नाटकानंतर शंभरावर वर्षे लोटली, तरी मद्याविषयी मराठीत बोलायचे तर अधःपाताची भाषा तयार, चवीची नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांला मान्य नाही. इंग्रजी परीक्षक ज्याच्यासाठी 'टॅनिन' म्हणतात, त्याला आमच्याकडे 'तुरट' हा आवळा-हिरड्याइतका जुना शब्द आहे. सालीतून आणि बियांतून उतरलेला हा तुरटपणा नव्या लाल वाइनमध्ये जिभेला ओढ बसवतो. पुढे ओकच्या लाकडातून झिरपणाऱ्या किंचित हवेने आणि काळाने त्याचे कण एकमेकांना धरतात, काही साका होऊन तळाशी बसतात, उरलेली चव मऊ होते. या साऱ्या क्रियेला मराठीत एकच क्रियापद पुरते : मुरणे. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, माणूसही मुरतो.

अंबरनाथला आमच्यापैकी एकाच्या घरी, एका माजी विद्यार्थ्याने आणून दिलेली 'सेत्ते' आम्ही चाखली. पहिल्या घोटाला बदलापूरकर सहकारी म्हणाले, "हे तर आमचे जांभूळ." बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे. पण त्यांच्या घरची चार झाडे त्या आधीच गेली. वाटणीत बांधाची रेषा नेमकी झाडांमधून गेली. फळे कोणाची यावर दोन काका दहा वर्षे भांडले. अखेरीस एकमत झाले ते बिल्डरच्या करारनाम्यावर सही करण्यापुरते. जांभळीला चांगली धरायला अनेक वर्षे लागतात. तेवढी वर्षे सातबारा अखंड राहिला नाही. आमचे म्हणणे एवढेच की मुरायला पिंप लागते, तळघर लागते, त्याआधी न वाटलेली जमीन लागते.

इटलीतील घराणी याला अपवाद आहेत, असा भ्रम मात्र नको. सांजोवेजेचीच 'ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो' ही वाइन सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाआधी विकता येत नाही, असा तिथला नियम. ती नावारूपाला आणली बिओन्दी-सान्ती घराण्याने, त्यांच्या 1888 च्या बाटल्या अजून जपलेल्या आहेत. जुनी बाटली कोणी घेऊन आले, तर ती उघडून, चाखून, त्याच सालच्या वाइनने तिची तूट भरून द्यायची, अशी त्यांची रीत होती. 2013 मध्ये घरातले वडीलधारे फ्रांको गेले आणि 2016 च्या अखेरीस बहुतांश मालकी एका फ्रेंच समूहाकडे गेली. कारणांच्या खोलात आम्ही शिरत नाही. वाइन मुरते तितकी वर्षे घर मुरेलच, याची हमी तोस्कानातही नाही. त्या मानाने अकलूजचे सहकार्य वयाने लहानच आहे.

आमच्या सहकाऱ्यांनी आणखी एक बाटली घेऊन ठेवली आहे. ती दोन्ही काकांसमोर एकाच वेळी उघडायची, असा त्यांचा हट्ट आहे. थोरले काका बदलापूर पूर्वेला, धाकटे पश्चिमेला राहतात, मध्ये केवळ रेल्वेचे रूळ आहेत. दिवाळी झाली, संक्रांत झाली. बाटली अजून कपाटात आडवी आहे.