कोहळ्याच्या बोंडांत मेपल

टोरोंटोला राहणारा भाचा आसेगावला आला तेव्हा त्याने मेपल सिरपची बाटली आणली. "मामी, झाडाचा रस आहे हा. मामांच्या शुगरले चालते," म्हणाला. ह्यांना मधुमेह असल्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक डब्यामागचा तक्ता मी आधी वाचून घेते. मोठ्या चमच्याला साधारण १२ ग्रॅम साखर निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं उत्तम असं सांगितलं, आणि त्यात साखरेसोबत मध आणि अशी सिरपंही मोजली आहेत. म्हणजे दोन चमच्यांतच दिवसाची मर्यादा भरते. नैसर्गिक आहे म्हणून मधुमेह्याला कितीही द्यावं, हे बोलणं मला धोक्याचं वाटतं आणि मी ते भाच्याला स्पष्ट सांगितलं.

पण त्या रसामागची मेहनत ऐकून मात्र जीव हरखला. हिवाळा सरताना रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असली की झाडाच्या खोडातून रस वाहतो. त्यात साखर असते जेमतेम दोन टक्के, म्हणून ४० लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप हाती येतं. आपल्याकडे दहा किलो उसाचा किलोभर गूळ होतो!

इतक्या कष्टाची चीज चमचाभरच वापरायची, हे मनाशी ठरवलं आणि कोहळ्याची बोंडं करायला घेतली. लाल कोहळं किसून पाणी न घालता वाफवलं. त्याची स्वतःची गोडी असतेच. त्यात कणीक, मूठभर ज्वारीचं पीठ, वेलची, चिमूटभर मीठ. एरवी वाटीभर गूळ पडतो, तिथे सगळ्या घाण्याला मिळून एकच मोठा चमचा मेपल घातलं. ते पातळ असतं, म्हणून भिजवताना वरून दूध-पाणी काही लागलं नाही. कढईत न तळता आप्पेपात्रात थेंब थेंब तेल सोडून मंद आचेवर केली. आच मोठी असती तर गोड पिठाला बाहेरून लगेच रंग चढला असता आणि आत कच्चं राहिलं असतं.

काय खमंग वास सुटला! गोडी कमी होती, पण त्या वासामुळे जिभेला ती उणी वाटली नाही. ह्यांना दोनच वाढली, कारण कणकेचाही हिशेब धरावा लागतो, आणि त्या वेळची अर्धी पोळी कमी केली.

बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी लागते, नाहीतर बुरशी येते; आमच्या उन्हाळ्यात तर बाहेर ठेवायचा प्रश्नच नाही. ती संपली की हीच बोंडं चमचाभर गुळावर करून बघणार आहे.