फोर बॅरल आणि एक झडप

‘फोर बॅरल’ म्हटलं की आपल्याला आधी बंदूक आठवते. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या वेड्यांना मात्र कार्ब्युरेटर आठवतो. आपल्याकडे बाबांच्या बजाजला काय किंवा काकांच्या फियाटला काय, एकच घसा असलेला साधा कार्ब्युरेटर असायचा. मेकॅनिक जेटमध्ये फुंकर मारायचा, स्क्रू जरा इकडे-तिकडे फिरवायचा आणि म्हणायचा, "आता बघा पिकअप!" इथल्या अवाढव्य व्ही-८ इंजिनांना तेवढ्या घशाने श्वास पुरेना. म्हणून १९५२ साली ब्युइक, कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल यांनी चार घशांचा कार्ब्युरेटर आणला. दोन घसे रोजच्या वापराला, आणि उरलेले दोन पाय जोरात दाबला तरच उघडणारे.

आमच्या शेजारी, फ्रीमाँटला, एक आजोबा राहतात. त्यांच्याकडे १९७० ची शेव्हरोले शेव्हेल आहे. ३५० घनइंचाचं इंजिन, म्हणजे आपल्या हिशोबात ५.७ लिटर. इथला जनरल मोटर्सचा कारखाना १९६३ ला सुरू झाला आणि १९८२ ला बंद पडला. आजोबा शेवटपर्यंत तिथे लाइनवर होते. पुढे १९८४ पासून तिथे टोयोटा आणि जीएमचा एकत्र कारखाना चालला, आणि २०१० मध्ये ती जागा टेस्लाकडे गेली. माझी इलेक्ट्रिक गाडी तिथेच तयार झाली आहे. म्हणजे आमच्या दोघांच्या गाड्या एकाच आवारात जन्मल्या, मध्ये फक्त पन्नासेक वर्षं गेली. आजोबांच्या गाडीच्या चासी नंबरात फ्रीमाँटचं ‘झेड’ हे अक्षर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

ही गाडी त्यांना नातीला द्यायची होती. पण फ्रीवेच्या रँपवर तिने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि गाडी पळायच्या ऐवजी एक-दीड सेकंद चक्क मेली. मागून ट्रक येत होता. घरी येऊन तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ग्रँपा, मला नको ही." एका दुकानात दाखवली, तर तिथला माणूस म्हणाला, जुना कार्ब्युरेटर फेकून द्या, ८५० सीएफएमचा मोठा लावा. नाहीतर गाडी विकून टाका. आजोबा विकायच्या बेताला आलेच होते. मग एका शनिवारी मला विचारलं, "किड, तू इंजिनियर ना? बघतोस का जरा?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण हिशोब तर करता येतो! सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. म्हणून ३५० गुणिले ५००० आरपीएम, भागिले ३४५६. उत्तर येतं साधारण ५०६. शिवाय अशी जुनी इंजिनं काही पूर्ण भरत नाहीत. ८५ टक्के धरले तर ४३० सीएफएम. गाडीवर होता रॉचेस्टर क्वाड्राजेट, साधारण ७५० सीएफएमचा. जो आधीच गरजेपेक्षा मोठा आहे, तो आणखी मोठा करून काय साधणार होतं?

गंमत अशी की, क्वाड्राजेट मोठा असूनही इंजिनावर जबरदस्ती करत नाही. जीएमने हे डिझाइन १९६५ पासून १९९० पर्यंत वापरलं, ते उगाच नाही. पुढचे दोन घसे छोटे आहेत, जेमतेम १.४ इंचाचे. त्यामुळे गावात फिरताना हवा त्यांतून वेगाने जाते आणि पेट्रोलचे नीट तुषार होतात. मागचे दोन २.२५ इंचाचे. त्यांच्या तोंडावर स्प्रिंगने धरलेली एक झडप आहे. पाय दाबला तरी ती लगेच सताड उघडत नाही, इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढीच उघडते.

सगळी मेख या झडपेत आहे. ती एकदम उघडली तर हवा क्षणात आत घुसते आणि पेट्रोल जड, ते मागे राहतं. मिश्रण पातळ होतं आणि गाडी उचकी देते. हे होऊ नये म्हणून झडपेला व्हॅक्यूमवर चालणारा एक छोटा डायफ्रॅम जोडलेला असतो. पाय दाबल्यावर व्हॅक्यूम पडतो, पण डायफ्रॅममध्ये हवा बारीक भोकातून हळूहळू शिरते. तेवढा वेळ तो झडपेला धरून ठेवतो. आम्ही हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघितला, तर काटा ठरेना. डायफ्रॅम फाटलेला होता. वर आणि कुणीतरी पूर्वी ‘लवकर उघडू दे’ म्हणून स्प्रिंग सैल करून ठेवली होती. परफॉर्मन्स वाढवायला केलेल्या बदलानेच परफॉर्मन्स खाल्ला होता.

आजोबांचा एकच नियम: एका वेळी एकच बदल, आणि तो लगेच वहीत. आधी डायफ्रॅम नवा, मग गाडीला एक चक्कर. मग स्प्रिंगला अर्ध्या वेढ्याहून थोडा जास्त ताण, परत चक्कर. उचकी बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही.

पुढचा धागा पेट्रोलमध्ये होता. १९७० साली कारखान्याने जेट बसवले ते शुद्ध पेट्रोलसाठी. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे तेव्हाचं आदर्श प्रमाण. कॅलिफोर्नियात आज पंपावर १० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, त्याला १४.१ लागतं. म्हणजे काहीही न बिघडता ही गाडी चारेक टक्के उपाशी धावत होती. (भारतात आता २० टक्के इथेनॉल आहे. ज्यांनी जुनी येझदी किंवा राजदूत जपून ठेवली आहे त्यांनी हा हिशोब जरूर करावा.)

मग वरचं झाकण उघडलं. क्वाड्राजेटच्या जेटमध्ये एक निमुळती सळई वरखाली होते, म्हणून पेट्रोल जातं ते भोक आणि सळई यांच्यामधल्या कड्यातून. जेटवर ७१ लिहिलेलं असेल तर भोक ०.०७१ इंचाचं. तिथे ७२ लावला की क्रूझिंगला पेट्रोल साधारण चार-पाच टक्क्यांनी वाढतं. एक हजारांश इंच, बस्स! अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं रबर वाळून कडक झालं होतं, तेही इथेनॉल सोसणारं बसवलं. तळाचे प्लग गळत होते. त्यामुळे दोन दिवस उभी राहिली की गाडी स्टार्टर मारून मारून दमवायची. ते इपॉक्सीने बंद केले. आणि सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवला, कारण कानावर आजोबांचा विश्वास आहे, माझा आकड्यांवर.

फुल थ्रॉटलला आकडा आला १४.२. ताकदीसाठी तो मीटरवर तेराच्या जरा खाली हवा. मागच्या घशांच्या सळया बदलायला वरचा एकच स्क्रू काढावा लागतो, दोन मिनिटांचं काम. बारीक टोकाच्या सळया टाकल्या, १३.४. आणखी बारीक, १२.९. तिथेच थांबलो. आणखी बारीक टाकल्या असत्या तर नुसतं पेट्रोल जळलं असतं आणि धूर झाला असता. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना इथे स्मॉग तपासणी माफ आहे, पण म्हणून शेजाऱ्यांच्या नाकात धूर सोडायचा परवाना मिळत नाही. :-)

आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम बघितली की पहिला विचार येतो, फेकून द्या आणि नवीन लिहा. कधी कधी तेच बरोबरही असतं. पण फेकण्याआधी, ती लिहिणाऱ्याने कशासाठी काय केलं होतं आणि नंतर भोवतालचं काय बदललं, हे दोन प्रश्न विचारावेत. इथे झडप बरोबर होती, पेट्रोल बदललं होतं.

तिसऱ्या रविवारी नात आली. आजोबांनी काही न बोलता किल्ली पुढे केली. ती एकटीच गेली, त्याच रँपवर. वीस मिनिटं आजोबा अंगणात उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. मग कोपऱ्यावरून व्ही-८ ची ती जाडी गुरगुर ऐकू आली आणि त्यांनी हळूच खुर्ची ओढली.

आता गाडी तिच्याकडे असते. ग्लोव्ह बॉक्समध्ये आजोबांची वही आहे: तारीख, जेट, सळया, स्प्रिंगचे वेढे, सगळं त्यांच्या वाकड्या अक्षरात. पहिल्या पानावर कारखान्याची मूळ सेटिंग्ज आहेत. उद्या पुन्हा पेट्रोल बदललं, तर तिला सुरुवात कुठून करायची ते माहीत आहे.