मूठ आधी काढायची

अहिल्यानगर
(आम्ही अजून नगरच म्हणतो)

प्रिय रूथ हिस,



तू व्हॉट्सॲपवर एका ओळीत विचारलंस, "आत्या, पपा कणीक भिजवायच्या आधी एक मूठ पीठ डब्यात का टाकतात?" आणि खाली एक डोळे मिचकावणारा चेहरा. उत्तरही एका ओळीत देता आलं असतं. पण तुझा बाप टोरांटोत स्वतःच्या हाताने कणीक मळतो आणि मूठ बाजूला काढतो, हे मला तुझ्याकडून कळलं. तो मला कधी बोलला नाही. इथे असताना त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा. म्हणून हे लांबलचक पत्र लिहिते आहे. थोडं तुझ्यासाठी आणि बरंचसं माझ्यासाठी. वाचायला वेळ लागला तर लागू दे.

ही मूठ तुझ्या खापरपणजीची, म्हणजे माझ्या आजीच्या आईची, आमच्या मोठ्या आजीची. ती मुक्तीची मुलगी होती. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, तिथली. पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं ते केडगाव. माझे बाबा म्हणायचे, ती 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी. आजी म्हणायची, छे, ती छप्पन्नच्या दुष्काळातली. छप्पन्न म्हणजे विक्रम संवत 1956, आपल्या हिशेबाने 1899-1900. त्या वर्षी गुजरातेत माणसं अक्षरशः रस्त्यावर मेली आणि रमाबाईंची माणसं तिकडे जाऊन मुली, बायका घेऊन आली. मला आजीचं खरं वाटतं, कारण मोठी आजी म्हातारपणी झोपेत गुजराती बरळायची. जागेपणी तिला त्यातला एक शब्द येत नसे. तिचं गाव, आईबाप, आधीचं नाव, सगळं पुसलेलं. कागदावर वय सहा लिहिलं होतं, तेही दात बघून.

मी तिला पाहिलंय, पण फार लहान होते. आठवतं ते एवढंच की जेवण झालं की ती बोट ओलं करून ताटातला कण अन् कण टिपायची. तिच्या ताटाला घासायची गरज नसायची. आम्ही हसायचो. आता ताटात भात टाकून उठणारी तुमची पिढी बघितली की मला हसू येत नाही. (तू टाकत नाहीस, माहीत आहे. तुझा भाऊ टाकतो.)

रमाबाईंबद्दल तुला गूगल सांगेलच: जन्म 1858, कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी दिलेली पंडिता ही पदवी, इंग्लंडात 1883 साली वाँटेजला बाप्तिस्मा, अमेरिकेतली व्याख्यानं, 1889 ला मुंबईत शारदा सदन. हे सगळं खरं आहे आणि शाळेत मी ते मुलांकडून पाठ करून घेतलंय. पण गूगल पुढे पुढे पळतं, आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबत नाही. रमाबाई स्वतः दुष्काळातून आलेल्या होत्या, गं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं ते विद्वान कुटुंब तीर्थयात्रा करत करत उपाशी पडलं. वडील गेले, मग आई, मग बहीण. आई शेवटच्या घटका मोजत असताना ही मुलगी शेजारच्या दारात भाकरीचा तुकडा मागायला गेली होती. संस्कृत श्लोकच्या श्लोक तोंडपाठ असलेली मुलगी, आणि तिच्या तोंडून मागण्याचे शब्द फुटेनात. हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. वीस वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली तेव्हा तिच्याकडे काय कमी कामं होती? पुण्याला हलवलेलं शारदा सदन होतं, प्लेगची भीती होती, अमेरिकेतल्या मदतीची मुदत संपत आली होती. तरी ती उठली आणि गेली. जिने मागितलेलं असतं तिला ऐकू येतं, असं आजी म्हणायची.

आणि तिला ख्रिस्ताकडे काय ओढून घेऊन गेलं, तेही बघ. ग्रंथ तिने कमी वाचले नव्हते. लंडनच्या फुलहॅम भागात धर्मभगिनी 'पतित' म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना घरात घेऊन सांभाळत होत्या, ते तिने पाहिलं. आपल्याकडे ज्यांना दारात उभं करत नाहीत त्यांना कोणी जेवू घालतं, शिकवतं, हे तिला कळेना. त्यामागे काय आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी तिला बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. मला नेहमी वाटतं, पाळकांचे शंभर उपदेश एकीकडे आणि ते घर एकीकडे. पुढे केडगावला तिने अगदी तसंच कृपा सदन काढलं.

मुक्तीत लाड नव्हते. घंटेवर उठायचं, घंटेवर प्रार्थना, घंटेवर काम. 1900 च्या सुमाराला तिथे दीड हजार माणूस आणि शंभरावर गुरं होती. एवढा संसार शिस्तीशिवाय कसा चालणार? विहिरी खणल्या, माग चालवले, शेती केली, छापखाना चालवला. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई, म्हणजे रमाबाईंची लेक, ब्रेल शिकवायच्या. आणि रमाबाई स्वतः जाडंभरडं पांढरं लुगडं नेसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करत बसलेल्या. खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी. अनेक वर्षं चाललं ते काम. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं सगळं मुक्तीच्या बायकांनी केलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर सगळं सोपवायचं तीच गेली, तरी काम थांबलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये. मोठ्या आजीने त्या छापखान्यात कागद मोडून दिले होते. तेवढ्यावर ती म्हणायची, "बायबल आम्ही केलं." म्हणू दे.

लोक म्हणतात, दुष्काळात पोट भरून पोरी बाटवल्या. तुलाही कोणीतरी म्हणेल, तिकडेसुद्धा. मी पाळक नाही आणि वकीलही नाही. तू एवढंच विचार की त्या सहा वर्षांच्या मुलीला रस्त्यावरून उचलायला दुसरं कोण आलं होतं.

आता मूठ. मोठी आजी लग्न होऊन नगरला आली, इकडच्याच एका ख्रिस्ती मुलाशी. येताना ही सवय घेऊन आली. ती मुक्तीत लागली, की सारफथच्या विधवेची गोष्ट ऐकून लागली, यावर आजी रोज वेगळं सांगायची. ती गोष्ट तुला संडे स्कूलमध्ये सांगितली असेल. मडक्यात मूठभर पीठ उरलंय, ते खाऊन मुलासकट मरायचं एवढंच बाकी आहे, आणि एलीया संदेष्टा येऊन म्हणतो, आधी मला भाकर कर. लहानपणी मला एलीयाचा फार राग यायचा. आजीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "उरल्यावर दे म्हणाला असता, तर तिने कधी दिलं असतं?"

त्या मुठीचे नियम होते. पीठ भिजवण्याआधी काढायची, मागून नाही. चांगल्या पिठाची काढायची. जाळी धरलेलं पीठ डब्यात टाकलं तर आजी डबा उपडा करायची. मूठ घट्ट भरायची, बोटांच्या फटी दाखवायच्या नाहीत. आणि शनिवारी पिशवी भरून मागच्या दाराने कुणाकडे जायची, ते जेवताना बोलायचं नाही. आज आपल्या मंडळीत दहा किलो तांदूळ देताना आठ जण फोटोत उभे राहतात, घेणारी बाई मध्ये खाली मान घालून. असो. त्याच मंडळीची जमिनीवरून कोर्टात केस चालू आहे, आणि नाताळात दोन्ही बाजू मिळून शांतीची गाणी म्हणतात.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते 1972. तेव्हा मी बारा वर्षांची. तो दुष्काळ तुला वाचून कळणार नाही. विहिरी कोरड्या, माळावर बायाबापड्या खडी फोडत बसलेल्या, शाळेत सुकडी मिळायची. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतली लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. बाबांचा शिक्षकाचा पगार होता, त्यामुळे आम्ही उपाशी नव्हतो, पण आई भाकरी मोजून करायची. आणि अशातही आजी रोज पिठाच्या परातीजवळ येऊन मूठ काढायची. पूर्वीइतकीच.

आई एक दिवस फुटली. "घरात पोरं अर्धपोटी उठतात आणि तुम्ही दान करताय!" आजी काही बोलली नाही. मूठ डब्यात टाकली, झाकण लावलं. मला वाटलं आजी किती कठोर आहे. मग एके रात्री मी तिच्याशेजारी जेवायला बसले होते आणि बघितलं की तिने एकच भाकरी घेतली. आधी दोन घ्यायची. मी म्हटलं, "आजी, अजून घे की." ती म्हणाली, "आता भूक लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला." आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला. आईने मनातल्या मनात हिशेब केला असणार, कारण ती मूठ रोजची आणि ती भाकरी रोजची. एक शब्द न बोलता आईने दुसऱ्या दिवशीपासून स्वतःही एक मूठ काढायला सुरुवात केली. त्या दोघींचं कशावरच पटायचं नाही, हे तुझ्या बापाला विचार, पण त्या डब्यावरून पुन्हा भांडण झालं नाही.

पिशवी जायची खडी फोडणाऱ्या एका लमाण बाईकडे, कडेवर पोर असलेल्या. आमच्या पाळकबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, धान्य देवळात अर्पण करायला हवं, मग मंडळी ठरवेल. आजी म्हणाली, "देवाचं पोट भरलेलं आहे." पाळकबाई पुढे बरेच दिवस आमच्याकडे चहाला आल्या नाहीत.

त्याग म्हटलं की मला आणखी एक गोष्ट नेहमी खुपते, ती सांगूनच टाकते. आपल्याच नगरचे रेव्हरंड टिळक. मोठा माणूस, मोठा कवी. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ काढला. हातात आलेलं सगळं वाटून टाकायचे. आणि घर? ते त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी ओढलं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाच, मिळेल तिथून मागव, मी पाठवते हवं तर. हसता हसता रडवते ती बाई. टिळकांचा त्याग खरा, पण त्याची किंमत कुणाच्या खिशातून गेली हेही बघायला शिक. आजीने आमच्या ताटातलं काढलं नाही, स्वतःच्या ताटातलं काढलं. मला तिचा त्याग जास्त पटतो, टिळक मोठे असले तरी.

तुझी मम्मी सांगत होती, तू उपवासकाळात चॉकलेट सोडलंस, मैत्रिणींबरोबर. छान. पण त्या चॉकलेटचे पैसे कुठे गेले? ते तुझ्याच खात्यात पडून राहिले असतील, तर ते डाएट झालं, बाळा. वजन कमी होईल, तेही काही वाईट नाही. पण आपल्याकडे सोडलेलं कुणाच्या तरी ताटात जातं. आणि उलटंही आहे. महिनाअखेरीला खात्यात उरलेलं देणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पण त्यांना जेवताना कधी जाणवत नाही.

आता तू म्हणशील, टोरांटोत कणकेची मूठ कोणाला देणार? बरोबर आहे. तुझा बाप काय करतो ते मला माहीत नाही, त्यालाच विचार. मला वाटतं तो पैशांत हिशेब करून कुठेतरी पाठवत असेल आणि पीठ काढतो ते हाताला सवय राहावी म्हणून. तू पगार आला की भाड्याच्याही आधी काढून ठेव. किंवा वेळ काढ, तुमच्याकडे त्याचीच टंचाई आहे म्हणे. तुमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या आजीबाई राहतात ना, ज्यांच्या बोलण्याला तू कंटाळतेस? तिथे जाऊन बस. शनिवारी, झोप मोडून. आणि इन्स्टावर टाकू नकोस.

मी अजून मूठ काढते. एकटीच्या पोळ्या दोनच, त्यामुळे मूठ जरा विनोदीच दिसते. पण समोरच्या बांधकामावरच्या बायका शनिवारी येतात.

डिसेंबरात येणार असशील तर तिकीट काढण्याआधी कळव. आपण केडगावला जाऊ, रेल्वेने, तुला गाडीत उलटी होते म्हणून. मुक्ती मिशन अजून चालू आहे, तिथल्या देवळात बसू. तिथे फोन बाहेर काढायचा नाही, आधीच सांगते.

पपाला म्हणावं, ताई रागावली आहे, इतकी वर्षं मूठ काढतोस आणि एका शब्दाने सांगितलं नाहीस. खरं तर रागावले नाहीये, पण तसंच सांग.

आणि या पत्राला मेसेजवर अंगठा पाठवू नकोस. कागदावर लिही, मराठीत. चुका होऊ देत, मी जन्मभर चुकाच तपासल्या आहेत.

तुझी,
आत्या