लॅमिंग्टन रोडची वारी

दिवाळी अंकासाठी प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे लेखकाने निदान बद्री-केदार तरी केलेले असावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. माझी त्या बाबतीत पंचाईत आहे. मी डोंबिवलीला राहतो, महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुट्टीत उत्तरपत्रिका तपासतो. यंदा माझ्या नावावर एकच प्रवास जमा आहे, तो म्हणजे डोंबिवली ते ग्रँट रोड आणि परत. परंतु वाचकहो, त्या एका दिवसात मी जेवढा गोंधळलो, तेवढा कोणी यात्रेकरू चारधामातही गोंधळला नसेल.

निमित्त आमच्या कन्येचे. तिला संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते. ही वस्तू रेशनकार्डाच्या जातीची असावी आणि ते काढायला तहसील कचेरीत जावे लागत असेल, अशी आमच्या मातोश्रींची समजूत होती. माझी समजूतही फार पुढची नव्हती. प्रत्यक्षात ते लांबट विटेएवढे, दोन-तीन पंखे बसवलेले धूड असते. त्याला कार्ड म्हणणे म्हणजे गेंड्याला हरणाचे नाव ठेवणे होय.

हे घेण्यासाठी तिने दोन वर्षे पैसे साठवले होते. सोसायटीतल्या दोन मुलांना गणित शिकवल्याचे, भाऊबिजेच्या ओवाळणीचे आणि आजीने वाढदिवसाला दिलेले असे मिळून एकतीस हजार झाले होते. आकडा ऐकून आमची सौभाग्यवती म्हणाली, "एवढ्या पैशात आपण सगळे कन्याकुमारीला जाऊन येऊ." कन्या म्हणाली, "आई, मी एवढ्या पैशात अख्खी अमेरिका फिरणार आहे. घोड्यावरून."

तिचा खेळ होता 'रेड डेड रिडेम्प्शन २'. तो संगणकावर २०१९ साली आला. खेळातला काळ १८९९ सालचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे बर्फाचे डोंगर, दलदली, नुकती वसलेली गावे, आणि त्यातून घोड्यावरून भटकणारा एक बंडखोर इसम. आमच्या घरच्या संगणकावर तिने तो एकदा लावून पाहिला होता. घोडा एक पाय उचलायचा, विचार करायचा आणि मग दुसरा उचलायचा. विद्यापीठाचा निकालसुद्धा याहून वेगाने लागतो.

असे का होते, हे तिने मला गाडीत समजावून दिले. २०२५ च्या ऑगस्टमधला शनिवार होता, बाहेर पाऊस होता आणि मला खिडकी मिळाली होती, त्यामुळे शिष्य होण्यास मी तयार होतो. पडदा १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच, म्हणजे एका चित्रात वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. चित्र हलते दिसायचे तर सेकंदाला साठ वेळा नवे काढायचे. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो एका वेळी थोडीच कामे हातात घेतो. ग्राफिक्स कार्डात मात्र हजारो लहान कारकून एकदम बसलेले असतात. ती ज्या 'आरटीएक्स ५०६०' या कार्डाचा विचार करीत होती, त्यात ते ३८४० आहेत.

"म्हणजे आमचं मूल्यमापन केंद्र!" मी म्हणालो. एक विद्वान प्राध्यापक सगळे पेपर तपासू लागला तर वर्ष जाईल. पण प्रत्येकाला एकच प्रश्न देऊन चार हजार जण बसवले तर दुपारच्या चहापर्यंत आटोपते. कन्येने माझ्याकडे जरा आदराने पाहिले. असे क्षण हल्ली दुर्मीळ झाले आहेत.

दादरला गाडी बदलून आम्ही पश्चिम रेल्वेच्या धिम्या गाडीने ग्रँट रोडला उतरलो. पूर्वेकडे बाहेर पडून चार पावले चालले की लॅमिंग्टन रोड. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु त्या नावाने पत्ता विचारल्यास माणसे आपल्याला पोलीस ठाण्याकडे पाठवतात, कारण 'डी. बी. मार्ग' हे नाव लोकांच्या तोंडी त्या ठाण्यामुळेच राहिले आहे. लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते, आणि तिकडे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेल्या एका केकला त्यांच्याच घराण्यावरून नाव पडले असे मानतात. एका गव्हर्नराचे नाव मागे उरावे ते एका केकावर आणि एका तारांच्या बाजारावर, हा योग विलक्षण खरा.

आमच्या तीर्थरूपांच्या दृष्टीने मात्र हा रस्ता सिनेमाचा. १९७५ साली 'शोले' इथल्या मिनर्व्हात लागला आणि पाच वर्षे तिथून हलला नाही. वडिलांनी तो तिथे तीनदा पाहिला होता, आणि पडद्यावरचे घोडे अंगावर येतात असे ते सांगत. ते जुने मिनर्व्हा आता राहिले नाही. त्याच रस्त्यावर त्यांची नात घोड्यासाठीच आली होती, हे मला फार उशिरा, परतीच्या गाडीत सुचले.

आता रस्ता आहे तो दुकानांचा. आठ-दहा फुटांची दुकाने, वर पोटमाळे, दारात खोक्यांचे मनोरे. एका फळीवर सीसीटीव्हीचे कॅमेरे असे मांडलेले, की साऱ्या बाजाराचे आपल्यावर लक्ष आहे असे वाटते. डोक्यावर पाच-पाच खोकी घेऊन पोरे "साइड, साइड" करीत पावसातून पळत असतात. रविवारी हा बाजार बहुतेक बंद, म्हणून शनिवारी सारी मुंबई इथे लोटते.

पहिल्या दुकानात शिरताच गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मला विचारले, "अंकल, कौनसा गेम खेलते हो?"

मी डाव्या हाताने कन्येकडे निर्देश केला. त्यांनी तिच्याकडे पाहिले, हसले आणि पुन्हा मलाच किंमत सांगू लागले. पुढच्या तीन दुकानांत हेच झाले. प्रश्न तिने विचारायचा आणि उत्तर मला मिळायचे. साहित्य संमेलनात मागच्या रांगेतून शंका काढणाऱ्याचे जे होते, तेच तिचे होत होते. चौथ्या दुकानात तिने शांतपणे सांगितले, "पैसे माझे आहेत." तेव्हापासून मला खुर्ची मिळाली आणि तिला उत्तरे.

तिथे मी बसून जे ऐकले ते सांगतो. इंटेलचे एक कार्ड होते, 'बी ५८०'. त्यात १२ जीबी मेमरी, आणि किंमतही बरी. मी खूश झालो. कन्येने मान हलवली. आमचा संगणक तिच्या मामाने वापरून दिलेला, मदरबोर्ड २०१८ सालचा. ते कार्ड ज्या एका सोयीवर विसंबून असते ती त्या बोर्डात नाही, आणि तिच्याशिवाय त्याचा वेग पडतो. मग 'आरटीएक्स ५०६०', ८ जीबी. मग त्याचा थोरला भाऊ '५०६० टीआय', १६ जीबी, सोळा-सतरा हजारांनी अधिक. नावांचा हा प्रकार एखाद्या सरंजामी घराण्यासारखा आहे. आकडा तोच, पण मागच्या दोन अक्षरांवर मानपान ठरतो. या कार्डांची चिप करणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे नाव 'इन्व्हिडिया' या लॅटिन शब्दावरून आले आहे. अर्थ मत्सर. शेजाऱ्याकडे 'टीआय' आहे हे कळल्यावर काय होते, याचा त्या लोकांनी १९९३ सालीच अंदाज घेतलेला दिसतो.

तेवढ्यात एक तरुण दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "सेकंड हँड चलेगा? बारा जीबी. पंधरा हजार." आम्ही त्याच्या मागोमाग एक जिना चढून गेलो. कार्ड होते '३०६०'. पुसूनपासून लख्ख केलेले. १२ जीबी आणि अर्धी किंमत! माझ्यातला गृहस्थाश्रमी जागा झाला. उरलेल्या सोळा हजारांत तिची कॉलेजची फी निघत होती. मी तिच्या कानात तसे बोललोही.

तिने कार्ड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले. एका स्क्रूच्या खाचा झिजल्या होत्या, म्हणजे ते उघडलेले होते. कडेला तेलकट ओघळ होता. अनुक्रमांकाचा कागद अर्धा खरवडलेला. "मायनिंगचं आहे, बाबा," ती म्हणाली. आभासी नाणी काढण्यासाठी लोकांनी अशी कार्डे डझनांनी विकत घेतली आणि रात्रंदिवस राबवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथीरियम या नाण्याची रीत बदलली, कार्डांची गरज एका दिवसात संपली आणि ती सारी जुन्या बाजारात आली. त्यांतली काही चांगलीही असतात, हे तिनेच प्रामाणिकपणे सांगितले. म्हणून तिने विचारले, "वीस मिनिटं टेस्ट लावून बघू?" तो म्हणाला, "डिस्प्ले दिखा देता हूँ." वीस मिनिटे नाही. "बिल?" तो नुसता हसला.

ते हसू मी ओळखले. तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी, मी बारा-तेरा वर्षांचा असताना, वडिलांनी मला याच रस्त्यावर आणले होते. आमचा टेपरेकॉर्डर बिघडला होता. त्यांनी एका दुकानातून त्याचे हेड घेतले. अस्सल जपानी म्हणून, निम्म्या भावात, बिलावाचून. घरी आणून बसवले तर भीमसेन पाण्याखालून गाऊ लागले. पुढच्या शनिवारी वडील परत गेले. दुकानदाराने त्यांना ओळखलेच नाही. घरी येऊन ते एवढेच म्हणाले, "पुढे बघू नवीन." तो टेपरेकॉर्डर त्यानंतर आमच्या घरी गाइला नाही, आणि नवीन कधी आला नाही. वडिलांना बिल मागण्याचा संकोच वाटला होता, हे मला तेव्हाही कळले होते.

जिना उतरताना मी म्हणालो, "चल, आपण ते सोळा जीबीचं घेऊ. वरचे मी घालतो." हे औदार्य होते की जिन्यावरच्या माझ्या मोहाचे प्रायश्चित्त, कोण जाणे. ती थांबली. तिला ते हवे होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग तिने बोटे मोडीत हिशेब सांगितला. आपला एसएमपीएस ५५० वॅटचा; टीआयला कंपनी ६०० सांगते, म्हणजे तो बदला. प्रोसेसर जुना, तो कामाची मांडामांड करीपर्यंत मोठे कार्ड हात बांधून बसणार. पडदा साठच चित्रे दाखवतो. कार्डाने शंभर काढली तरी चाळीस वाया. आणि तिच्या खेळाला मुळात २०१६ सालच्या ६ जीबीच्या कार्डाचीच शिफारस आहे. "नवे खेळ आठात मावत नाहीत, मला माहितीय. तेव्हा टेक्स्चर एक पायरी उतरवीन."

"पण दोन वर्षांनी?"

"दोन वर्षांनी मी कमावत असेन," ती म्हणाली. अद्याप तिचा कॉलेजप्रवेश व्हायचा होता.

चौथ्या दुकानात परत गेलो. त्यांच्याकडचे '५०६०' तीन पंख्यांचे निघाले. कन्येने पिशवीतून आईची शिवणाची टेप काढली. आमच्या कॅबिनेटात पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आहे, जागा फक्त सव्वीस सेंटीमीटर. कार्ड तीसच्या घरात. गल्ल्यावरचे गृहस्थ टेपकडे पाहून प्रथमच मनापासून हसले. त्यांनी फोन केला, आणि दहा मिनिटांत एक पोरगा भिजत दुसऱ्या दुकानातून दोन पंख्यांचे घेऊन आला. स्वतःकडे नसलेला माल शेजाऱ्याकडून आणून आपल्या बिलावर विकायचा, ही इथली रीत आहे. या रस्त्यावर दुकाने शेकडो असली, तरी वखार एकच म्हणायची.

साडेतीस हजार, जीएसटीसकट. पक्के बिल, त्यावर अनुक्रमांक. तो खोक्यावरच्या आकड्यांशी तिने एकेक अंक जुळवला आणि मी, ज्याला कोणी विचारले नव्हते, तो पुन्हा एकदा जुळवला. उरलेल्या पाचशेतून तिने आम्हां दोघांना डोसा घातला.

परतीच्या गाडीत गर्दी अपरंपार. दादरला मला चौथी सीट मिळाली, आणि खोके मांडीवर घेऊन मी अवघडून बसलो. शेजारच्या गृहस्थांनी कौतुकाने विचारले, "मिक्सर का?" मी हो म्हणालो. ग्राफिक्स कार्ड म्हटले असते तर ठाण्यापर्यंत समजावीत बसावे लागले असते.

रात्री कार्ड बसवताना मला टॉर्च धरण्याचे काम मिळाले. तिने आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज घालवली, मग कार्ड खाचेत दाबले. टक् असा आवाज झाला. कडेला एक बोटभर जागा उरली. वायर जोडून बटण दाबले, तर पडदा काळाच. तिचा चेहरा उतरला. माझ्या पोटात टेपरेकॉर्डरचे हेड फिरले. आणि मग तिने कपाळाला हात लावला; पडद्याची वायर अजून जुन्याच भोकात होती.

साडेअकराच्या सुमारास घोडा धावला. बर्फात त्याच्या टापांचे ठसे मागे उरत होते, नाकातून वाफ निघत होती. सौभाग्यवती झोपायला जाता जाता दारात थांबली ती थांबलीच. "हे डोंगर कुणी काढले?" तिने विचारले. कन्येने घोडा एका कड्यावर उभा केला आणि आम्ही तिघे सूर्य वर येईपर्यंत बसून राहिलो. तिथला सूर्य लवकर येतो.

त्या खेळात घोड्याला खाऊ घालावे लागते, खरारा करावा लागतो. नाहीतर तो दमतो. हे कळल्यापासून मातोश्री रोज दुपारी तिच्या खोलीत डोकावतात. कार्डाचे काय झाले ते विचारत नाहीत. घोड्याने खाल्ले का, एवढेच विचारतात.